अजिंठ्याचा गिलसाहेब

(द्वितीय वर्ष कला)

भुसावळ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते रेल्वेचे जंक्शन, केळीच्या वखारी आणि रात्री-अपरात्री ऐकू येणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या. याच गावच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एक असा इंग्रज माणूस चिरविश्रांती घेत आहे की, ज्याने आपल्या आयुष्याचा अर्ध्याहून थोडाच कमी भाग अजिंठ्याच्या भिंतींपुढे उभे राहून घालविला. मेजर रॉबर्ट गिल हे त्याचे नाव. गेल्या वर्षापर्यंत मला ते ठाऊक नव्हते. आमच्या वर्गाची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा फर्दापूरच्या अलीकडे बसमध्ये सरांनी ते नाव घेतले, आणि पुढच्या बाकावरच्या मुलांनी लगेच पारोचे नाव घेऊन हसायला सुरुवात केली. सिनेमा साऱ्यांनी पाहिलेला होता. गिलसाहेब म्हणजे पारोचा साहेब, एवढीच त्याची ओळख आमच्या पिढीला उरली आहे. मला ते खटकले. म्हणून ग्रंथालयात जे मिळेल ते वाचीत गेले, आणि हे लिहायला बसले.

गिलचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ चा, इंग्लंडमधला. विशीच्या उंबरठ्यावर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. त्या काळी इंग्लंडमधल्या मध्यम घरांतील कितीतरी मुले अशीच हिंदुस्थानात येत. कुणी दौलत करून परत जात, कुणी इथल्याच मातीत तापाने मरत. पलटणीतली त्याची वीस वर्षे इतर कुणाहीसारखी गेली. १८४१ साली फ्रान्सिस रिकर्बी या मुलीशी त्याचे लग्न झाले. चित्रकला त्याच्या हाती होती, आणि फौजेत अशा माणसाला किंमत असे, कारण नकाशे आणि देखावे काढणारा हात कामाचा. त्याच हाताने त्याला पुढे पलटणीतून उचलून आपल्या खान्देशच्या वेशीवर आणून सोडले.

अजिंठ्याची लेणी इंग्रजांना १८१९ साली दिसली, हे आपण शाळेत शिकतो. त्या वर्षी २८ एप्रिलला जॉन स्मिथ नावाचा घोडदळाचा अधिकारी शिकारीच्या मागे दरीत आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. लेण्यांचा शोध लागला, असे पुस्तकात छापलेले असते. मला या शब्दाची गंमत वाटते. लेण्यांच्या पलीकडे लेणापूर नावाचे गाव आहे. ज्या गावाच्या नावातच लेणे आहे, त्या गावच्या माणसांना लेणी सापडायची कशी राहिली असतील? असो. शोध म्हणजे साहेबाच्या वहीत नोंद होणे, असा त्या काळचा अर्थ होता.

नोंद झाली, पण पुढची पंचवीस वर्षे भिंतींचे हालच झाले. येणारा-जाणारा चित्राचा तुकडा खरवडून आठवण म्हणून नेई. मुंबईच्या एका विद्वान डॉक्टरसाहेबाने, जेम्स बर्ड त्याचे नाव, चित्रांतल्या आकृतीच भिंतीवरून सोलून न्यायचा उद्योग केला. या चित्रांखाली शेण-मातीचा, भाताच्या तुसाचा गिलावा असतो आणि त्यावर चुन्याचा पातळ हात. आपल्या घराच्या भिंतीवरून असा गिलावा सोलून पाहा, हाती काय येते? भुगा. बर्डच्या हातीही त्याहून फारसे काही आले नसणार.

जेम्स फर्ग्युसन हा निळीच्या धंद्यात पैसा करून पुढे हिंदी वास्तुकलेच्या अभ्यासाकडे वळलेला गृहस्थ. तो १८३९ साली अजिंठ्याला येऊन गेला होता. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे १८४३ मध्ये त्याने लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला, संचालकांनी मद्रास सरकारला लिहिले, आणि १८४४ साली कॅप्टन गिलची या कामावर नेमणूक झाली. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

लेणी निजामाच्या मुलखात आणि घाट उतरून थोडे उत्तरेला आले की जामनेरच्या बाजूला इंग्रजांचा खान्देश, अशी ती सरहद्दीची जागा होती. गिलने मुक्काम केला तो लेण्यांजवळ नव्हे, तर वर घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावात. तटबंदीचे हे गाव. १८०३ साली असईची लढाई झाली तेव्हा वेलस्लीच्या सैन्यातले जखमी याच गावी आणून ठेवले होते. गावातली बारादरी ही जुनी इमारत गिलचे घर झाली. तिथून घाट उतरून वाघूरच्या दरीत जायचे, दिवसभर लेण्यांत काम करायचे आणि दिवस मावळायच्या आत परत चढायचे. आज आपण गाडीने जातो, दोन तासांत लेणी पाहून खाली उपाहारगृहात भजी खातो. ती दरी तेव्हा वाघांची होती. नदीचे नावच वाघूर!

हे काम कसे असेल, याचा विचार मी पहिल्या लेण्यात उभी राहून केला. बाहेरून आत शिरले की डोळ्यांना काहीच दिसत नाही. हळूहळू अंधारातून एकेक चेहरा वर येतो. आता तिथे दिव्यांची सोय आहे. गिलच्या वेळी दारातून येईल तेवढाच उजेड. सूर्य फिरला की उजेड फिरणार. पावसाळ्यात ओल आणि बारा महिने वटवाघळे. वरच्या कातळावर आग्यामोहोळे. तळाशी शतकांची माती साचलेली. चित्रे काही खाली डोळ्यांसमोर नाहीत. भिंतभर, छतभर पसरलेली. छत पाहायचे तर मान मोडून वर पाहावे, आणि त्याची नक्कल काढायची तर पायाड बांधून वर चढावे. कॅनव्हासवर तेलरंगांनी, मोठ्या आकारात या नकला करायच्या होत्या. एकेक चित्र दारात मावणार नाही एवढे. बोटांचे वळण, कमळाची पाकळी, हत्तीच्या सोंडेवरची नक्षी, राणीच्या दंडावरची वाकी. जे भिंतीवर आहे ते आणि तेवढेच. यात स्वतःचे काही घालायचे नाही. चित्रकाराला याहून कठीण शिक्षा नसावी, असे मला वाटते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची आज्ञा पाळीत राहायचे.

गिलने ती वर्षानुवर्षे पाळली. प्रकृती बिघडे, काम थांबे, पुन्हा सुरू होई. तयार झालेल्या नकला गुंडाळून मद्रासला जात आणि तिथून जहाजाने लंडनला. अजिंठ्यापासून मद्रास म्हणजे आख्खे दख्खन ओलांडायचे! आमच्याकडे कापूस बाजारात न्यायचा तर एका पावसाने काळजाचे पाणी होते. इथे तर दोन-दोन वर्षांची मेहनत एका गुंडाळीत असायची. १८६३ पर्यंत हे काम चालले, आणि सत्तावीसच्या आसपास मोठी चित्रे तयार झाली.

हे सारे तो एकट्याने करीत नव्हता, हे उघड आहे. शिड्या कुणी बांधल्या? लेण्यांतली माती कुणी उपसली? पाणी, रंगांच्या पेट्या, कॅनव्हासच्या गुंडाळ्या घाटातून खाली-वर कुणी केल्या? दरीतल्या वाटा कुणाच्या पायाखालच्या होत्या? आसपासच्या गावकऱ्यांच्या आणि डोंगरातल्या भिल्लांच्याच ना! या भिल्लांशी इंग्रजांचे नाते मोठे चमत्कारिक होते. १८१८ मध्ये खान्देश हाती आल्यावर सातमाळा आणि सातपुड्यातल्या भिल्लांना त्यांनी आधी बंदुकीने वठणीवर आणायचा प्रयत्न केला. तो साधेना, तेव्हा १८२५ साली जेम्स आउट्रमकडून भिल्लांचीच पलटण उभी करविली. तिचे ठाणे आपल्या धरणगावला होते. गिल अजिंठ्यात होता त्याच काळात, १८५७-५८ मध्ये, खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या मागे सातपुड्यातले भिल्ल उठले आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला त्यांची मोठी लढाई झाली. म्हणजे सरकारच्या दप्तरात भिल्ल हा एक तर बंडखोर होता किंवा शिपाई. तो माणूस कसा दिसतो, काय ल्यायतो, कसा राहतो, याची नोंद करायचे वेड साहेबांना थोडे मागाहून लागले. मुंबईच्या विल्यम जॉन्सन या सरकारी नोकराने इथल्या जातीजमातींच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६३ आणि १८६६ मध्ये काढली. पुढे १८६८ पासून खुद्द सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड छापले. त्याच सुमारास तिकडे ऑस्ट्रेलियातही गोरे लोक तिथल्या मूळ रहिवाशांना कॅमेऱ्यापुढे बसवीत होते. फोटोखाली माणसाच्या नावाऐवजी बहुधा जमातीचे नाव असे. पाखरे पकडून खाली चिठ्ठी लावावी, तसे.

गिलच्या हाती कॅमेरा आला तो १८५६ च्या सुमारास, मद्रास सरकारकडून. तोवर तो बावन्न वर्षांचा झाला होता. या वयात आमच्याकडे माणसे नवे काही शिकायचे नाही असे ठरवून ओट्यावर बसतात. त्या काळचा फोटो म्हणजे बटण दाबायचे काम नव्हते. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरावे लागे, मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून ओलीच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धावत अंधाऱ्या तंबूत जाऊन धुवायची. काच वाळली की फुकट. एप्रिल-मे मधले खान्देशचे ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली अडचण सांगायला नको. धुतलेले लुगडे जिथे पिळता पिळता वाळते, तिथे ती काच किती वेळ ओली राहणार! आणि लेण्यांत उजेड कमी, म्हणून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे.

तरीही त्याने फोटो काढले, आणि पुष्कळ काढले. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच देखाव्याची शेजारी-शेजारी दोन चित्रे तो घेई. ती विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की खांबामागे खांब उभा राहिलेला दिसतो, जणू आपण लेण्यात शिरलो आहोत. अजिंठा, वेरूळ, अन्व्याचे कोरीव देऊळ, वऱ्हाडात लोणार. कित्येक मैल फिरून त्याने हे केले. तो नामांकित शिकारीही होता, त्यामुळे मारलेल्या जनावरांचे फोटोही त्यांत आहेत. १८६४ साली फर्ग्युसनने या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनहून प्रसिद्ध केली. एकात कातळातल्या मंदिरांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत; दुसऱ्यात इमारती आणि वन्य प्राणी यांची मिळून शंभर जोडचित्रे. लेखक म्हणून नाव फर्ग्युसनचे. पण गिलच्या काचेवाचून ते पुस्तक कोरेच राहिले असते.

या छायाचित्रांत कुठे कुठे खांबापाशी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. खांब किती उंच आहे हे कळावे म्हणून त्याला तिथे ठेवण्याची तेव्हाची रीतच होती. मोजपट्टी नव्हती म्हणून माणूस! मी ते फोटो छापील पुस्तकात बारकाईने पाहिले. खांबावरची नक्षी स्पष्ट आहे. माणसाचे तोंड मात्र नखाएवढे. हा आमच्याच बाजूचा कुणीतरी असणार, असे वाटून मी उगाच बराच वेळ पान उघडे ठेवून बसले होते.

याचे एक कारण घरचे आहे. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. आमच्या आजीचा आयुष्यात एकच फोटो निघाला, मतदार ओळखपत्रासाठी. ती गेल्यावर तोच जामनेरच्या स्टुडिओत मोठा करून आणला. मोठा केल्यावर तो इतका पसरला की, डोळे कुठले आणि सुरकुत्या कुठल्या कळेना. तरी तो भिंतीवर आहे आणि रोज त्याला नमस्कार होतो. त्यामुळे फोटोत कुणाचे तोंड स्पष्ट येते आणि कुणाचे येत नाही, हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही.

आता पारोविषयी. तिला टाळून गिलचे चरित्र लिहिता येणार नाही, आणि सिनेमातले खरे मानूनही लिहिता येणार नाही. अजिंठा गावात तिची कबर आहे. दगडावर इंग्रजीत चार ओळींचा मजकूर आहे. तिचे नाव, ती आपली प्रिय होती ही गिलची कबुली आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख. एवढेच. तिचा बाप कोण, जात कोणती, गाव कोणते, यांतले दगडावर काही नाही. लोक तिला डोंगरातली आदिवासी मुलगी म्हणतात. आपल्या पळसखेड्याचे कविवर्य ना. धों. महानोर यांनी अजिंठा या दीर्घ काव्यात तिला अजरामर केले, आणि २०१२ साली त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी सिनेमा काढला. कवीला तो अधिकार आहे. पण काव्यातली पारो आणि मातीखालची पारो या एक नव्हेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

मला जे महत्त्वाचे वाटते ते असे. गिल विवाहित होता. त्या काळी कंपनीच्या कितीतरी अधिकाऱ्यांनी हिंदी स्त्रियांशी संसार केले. पण अठराशे चाळीस-पन्नासपर्यंत हवा बदलली होती. गोऱ्या समाजात अशा स्त्रीचे नाव उच्चारणेही कमीपणाचे ठरू लागले होते. मृत्युपत्रात तिला चार पैसे ठेवले तरी पुष्कळ. अशा काळात एका अधिकाऱ्याने भर गावात दगड बसवून, तिचे नाव कोरून, ती माझी प्रिय होती असे जगाला सांगावे, ही साधी गोष्ट नाही. त्याने त्याच्या लग्नाच्या बायकोवर अन्यायच केला, असे आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे, आणि ते मला खोडता येत नाही. पण ज्या काळात फोटोखाली माणसाऐवजी जमात लिहीत, त्या काळात पारोच्या दगडावर जमात नाही, फक्त नाव आहे, हेही तितकेच खरे.

तिच्या मृत्यूचे वर्ष तेच, कॅमेरा आला ते. हा योगायोग मनाला चटका लावतो.

याच वर्षी, १८५६ मध्ये, लंडनला श्रीमती स्पायर यांचे प्राचीन हिंदुस्थानावरचे एक पुस्तक निघाले. त्यात गिलच्या काही नकलांवरून केलेले छोटे कोरीव ठसे छापले होते. तेव्हा कुणाला त्यांचे काही विशेष वाटले नसेल. दहा वर्षांनी त्यांची किंमत कळली.

गिलच्या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रचंड काचमहालात लोकांना पाहण्यासाठी टांगल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६, रविवार. त्या दिवशी काचमहालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. वीस वर्षांची मेहनत काही तासांत जळाली. जी चार-पाच चित्रे त्या वेळी तिथे नव्हती, तेवढीच वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बाकीची आता पाहायची तर श्रीमती स्पायर यांच्या पुस्तकातल्या त्या तळहाताएवढ्या ठशांतच काय ती पाहायची.

तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. माझ्या मनात सारखे येते, अजिंठ्याच्या भिंती निदान जागेवर होत्या. ज्यांच्यावर काळजी करून त्याला पाठविले, त्या वटवाघळांच्या, ओलीच्या, खरवडणाऱ्या हातांच्या तावडीतल्या भिंती टिकल्या आणि सुरक्षित म्हणून साता समुद्रापार नेलेल्या नकला गेल्या! तो मात्र विलायतेला परत गेला नाही. अजिंठ्यातच राहिला.

दरम्यान जग बदलत होते. १८६० साली रेल्वे भुसावळला पोहोचली. त्याआधी हे एक लहानसे खेडे होते. अमेरिकेत यादवी सुरू झाल्याने तिथला कापूस बंद झाला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून विद्वान मंडळी अजिंठ्याला येऊ लागली. १८६३ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लेण्यांतल्या शिलालेखांवर निबंध प्रसिद्ध केला. आपल्या एका माणसाने त्या भिंतींवरची अक्षरे वाचली, हे मला गिलच्या चित्रांइतकेच मोलाचे वाटते. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हिवाळ्यात येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. जे काम गिलने केले होते, तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. (या नव्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला आगीत सापडल्या. अजिंठ्याच्या नकलांना अग्नीचा शापच असावा.) रंग उठून दिसावेत म्हणून पुढच्या लोकांनी भिंतींवर व्हार्निश चोपडले, ते काळवंडून चित्रांचे उलट नुकसानच झाले. तेव्हा नक्कल करणारा नेहमी मुळाचा मित्रच असतो, असे नाही.

म्हातारा गिल हे सारे पाहत होता. ग्रिफिथ्सच्या हाताखाली तरुण मुलांची फौज होती, सरकारची नवी योजना होती, मुंबईहून सामान आणायला आगगाडी होती. गिलला मिळाले होते ते घोडे, बैलगाडी आणि मद्रासचा रस्ता. पहिल्याने वाट पाडायची आणि दुसऱ्याने तिच्यावर सडक बांधायची, असे होतेच. पण सडकेला नाव दुसऱ्याचे मिळते.

१८७९ च्या एप्रिलमध्ये तो अजिंठ्यात फार आजारी झाला. रेल्वेमुळे भुसावळ आता मोठे ठाणे झाले होते. गोऱ्या लोकांची वस्ती होती. तिकडे त्याला नेण्यात आले. रस्ता म्हणजे घाट उतरून फर्दापूर, मग पहूर-जामनेरची बाजू, आणि पुढे भुसावळ. एप्रिलचे दिवस, कपाशी निघून गेलेली रिकामी काळी राने, गाडीच्या चाकांचा फुफाटा. वाघूर नदीही याच अंगाने खाली येते, आणि शेवटी भुसावळजवळ तापीला मिळायला जाते. १० एप्रिल १८७९ रोजी गिल वारला. वय चौऱ्याहत्तर. त्यांपैकी चौतीस-पस्तीस वर्षे अजिंठ्याची.

सहलीनंतर सुट्टीत मी भावाला घेऊन भुसावळला गेले होते. दफनभूमी कुठे, हे स्टेशनबाहेर तिघांना विचारले. चौथ्या रिक्षावाल्याने सांगितले. त्याआधीच्या महिन्यात अजिंठा गावी पारोच्या दगडापाशीही जाऊन आले होते. तिथे जवळपास बकऱ्या चरत होत्या आणि एका आजीबाईने मला विचारले की, सिनेमावाली आहेस का. मी नाही म्हटल्यावर तिने वाट दाखविली.

दोन्ही दगडांचे फोटो मी मोबाइलवर काढले. पारोच्या दगडावर ऊन आडवे पडले होते, म्हणून अक्षरे उमटली. अजिंठ्याहून भुसावळला जायचे तर जामनेरला गाडी बदलावी लागते.